स्पोर्ट्स कारमधली घरघर आणि डॅम्पिंग शीटची पार्श्वभूमी

कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागल्यावर स्पोर्ट्स कारच्या केबिनमध्ये जी घरघर भरते, ती बरीचशी ठरवून ठेवलेली असते. वाशी-ठाण्याकडे अशा गाड्या वाढल्या, तशी दारं उघडून आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याचं कंपन जिरवणारा चिकटवायचा थर, लावून घेणारेही वाढले. पण ही शीट कशासाठी जन्मली, हे ठाऊक असलं तर पैसे कुठे घालायचे ते नीट ठरवता येतं.

सुरुवातीच्या मोटारींच्या बॉडीला लाकडी सांगाडा असे आणि लाकूड बरंच कंपन स्वतःच जिरवतं. 1910च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी पूर्ण पोलादी बॉडी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. बॉडी मजबूत झाली, पण पातळ पत्रा वाजू लागला. मग कारखान्यांनी फ्लोअरवर डांबरी थर चिकटवायला सुरुवात केली.

त्यामागचं शास्त्र नंतर स्पष्ट झालं. 1952 मध्ये जर्मनीच्या हेर्मान ओबेर्स्ट यांनी पत्र्यावर चिकटवलेल्या, वरून उघड्या अशा थराचं गणित मांडलं. त्यात परिणाम हवा तर थर जाड हवा, म्हणजे वजन आलंच. 1959 मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड केरविन यांनी चिवट थरावर आणखी एक ताठ पातळ थर बसवला तर काय होतं, ते दाखवलं. पत्रा वाकायला गेला की मधला थर दोन्हींच्या कात्रीत सापडून घासला जातो आणि कंपनाची उष्णता होऊन जाते. वाजत्या ताटाला बोट लावावं तसा पत्रा गप्प होतो. आज दुकानात मिळणारी, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि खाली काळं ब्युटाइल असलेली शीट हे याच तत्त्वाचं रूप आहे. ब्युटाइल रबर त्याआधीच, 1937 मध्ये, स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत तयार झालं होतं.

साध्या गाड्या अशा शांत होत असताना स्पोर्ट्स कार उलट्या दिशेने गेल्या. लोटसचे कॉलिन चॅपमन वजन कमी करण्याच्या मागेच लागलेले. पोर्शेने 1973 च्या 911 कॅरेरा आरएस 2.7 च्या हलक्या आवृत्तीतून आवाजरोधक थर चक्क काढून टाकला. 1987 च्या फेरारी एफ40 मध्ये तर कार्पेटही नव्हतं. त्यात रुंद, कमी उंचीचे टायर आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले कडक बुश (धक्के झेलणारे गुटके), म्हणजे रस्त्याचा प्रत्येक धक्का बॉडीत थेट पोचणार.

आपल्या भागातले रस्ते यात भर घालतात. सिमेंटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून ओल्या काँक्रीटवर बारीक आडव्या खाचा ओढतात आणि त्या समान अंतरावर असल्या की टायर एका सुरात किंचाळतो. स्लॅबचे सांधे साधारण साडेचार मीटरवर, म्हणजे ताशी 80 किमी वेगात सेकंदाला जवळपास पाच ठोके. शिवाय टायरच्या आतली हवाही 200 हर्ट्झच्या आसपास घुमते. त्यासाठीच मिशलिन, कॉन्टिनेंटलसारख्या कंपन्यांनी टायरमध्ये फोम चिकटवायला सुरुवात केली.

यातलं शीट काय थांबवते? फक्त पत्र्याचं वाजणं. सांध्यांचे ठोके, टायरची गुणगुण तिच्याने जात नाही. हवेतून येणारा आवाज अडवायला जड आवरण लागतं आणि वजन दुप्पट केलं तरी फायदा ढोबळमानाने 6 डेसिबलचाच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आधी टायर बघावेत. मग मागच्या चाकांच्या कमानी, कारण टू-सीटरमध्ये त्या अगदी कानामागे असतात. पूर्ण गाडी मढवण्याची गरज नसते; पत्र्याच्या मधल्या, ढिल्या भागावर पाव ते अर्ध्या क्षेत्रात शीट बसली की बहुतेक काम होतं. दोन मिमी जाडीची शीट चौरस मीटरला सुमारे तीन किलो भरते. सगळीकडे लावली, वर फोम आणि जड विनाइल घातलं, तर कारखान्याने जिवापाड कमी केलेलं वजन आपणच परत चढवतो.

स्वस्त डांबरी शीट छताला आतून लावू नये. मे महिन्याच्या उन्हात ती मऊ पडते, वास मारते, सुटूनही येते. आणि दारात काम करून घेताना खालची पाणी जायची भोकं उघडी आहेत ना, हे स्वतः वाकून पाहावं. ती बुजली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी आतच साठतं आणि दार खालून गंजायला लागतं.