हिऱ्याची पारख

खड्याचा कट, रंग, स्वच्छता आणि वजन पाहून त्याची प्रत ठरवणे म्हणजे हिऱ्याची पारख. नागपुरात लग्नाच्या खरेदीसाठी इतवारीच्या सराफ्यात गेलेले गिऱ्हाईक बहुधा आधी विचारते, "किती कॅरटचा?" हा प्रश्न शेवटी विचारावा. त्यातच कॅरट या शब्दाने घोळ होतो. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा वजन. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट.

खड्याला तेज येते ते कटामुळे. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, २.४२ इतका मोठा आहे. पैलूंचे कोन नेमके असले की वरून शिरलेला प्रकाश आतल्या आत परतून पुन्हा वरूनच बाहेर पडतो. मार्सेल टोल्कोवस्की या बेल्जियन अभियंत्याने १९१९ मध्ये या प्रमाणांचे गणित मांडले. गोल ब्रिलियंट कटाला ५७ किंवा ५८ पैलू असतात. खडा उथळ कापला तर प्रकाश खालून निसटतो. खोल कापला तर मधोमध काळपट दिसतो आणि वजन पोटात दडते. चांगल्या कटाचा १ कॅरटचा गोल खडा साधारण ६.५ मिलिमीटर रुंद भरतो. त्याच वजनाचा खडा ६ मिलिमीटरच भरला, तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजले जातात.

रंगाची प्रत डी या अक्षरापासून झेडपर्यंत उतरते. डी म्हणजे रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. दुकानातल्या प्रखर दिव्यांखाली ही झाक लपते. पांढऱ्या कागदाला घडी घालून खडा त्यात पालथा ठेवावा, दाराशी उजेडात यावे, पण थेट उन्हात नको, आणि बाजूने पाहावे. सात खड्यांच्या कुड्या घेताना तर हे करायलाच हवे, कारण एक खडा पिवळट निघाला की सगळी कुडी विटकी दिसते. पिवळ्या सोन्यात जे किंवा के रंगही शोभतो. प्लॅटिनममध्ये मात्र तो उघडा पडतो.

स्वच्छता दहापट भिंगातून तपासतात. जुन्या रत्नपरीक्षेतले बिंदू, रेषा, काकपद (कावळ्याच्या पायासारखी खूण) हे दोष आज व्हीव्हीएस (अगदी बारीक दोष), व्हीएस, एसआय, आय (ठळक दोष) अशा उतरत्या श्रेणींत मोजले जातात. नुसत्या डोळ्यांना डाग दिसत नसेल, तर वरच्या श्रेणीसाठी जादा पैसे घालण्यापेक्षा ते कटावर घालावेत.

हिऱ्यांशी विदर्भाचे नाते जुने आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आइन-इ-अकबरीत येतो. घणाचा घाव सोसतो तोच खरा हिरा, ही समजूतही तितकीच जुनी, पण घातक आहे. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, तरी चार दिशांनी तो सहज चिरतो. या परीक्षेत खरा हिराही फुटतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही खरा कार्बनचा हिराच असतो, पण नैसर्गिक हिऱ्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. डोळ्यांना किंवा उष्णता मोजणाऱ्या साध्या यंत्राला हा फरक कळत नाही. मोइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडासुद्धा त्या यंत्राला चकवतो. सोन्यावरचा हॉलमार्क हिऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून खड्याला स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे. खड्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर तो भिंगातून प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला हे, आणि त्याचे वजन सोन्याच्या वजनातून वेगळे काढून, बिलावर लिहून घ्यावे.