शटर महिन्यातून एकदा हाताने उचला

परभणीच्या मोंढ्यात माझ्या मामांचं आडत दुकान आहे. दुकानाचं शटर दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच. कितीतरी वर्षं ते रोज सकाळी एकच माणूस उचलायचा, दुकानातले जुने हमाल. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. खाली वाकून, दोन्ही हात पट्टीखाली घालून ते एका दमात शटर वर लोटायचे. वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या सकाळी म्हणायचे, "शेठ, शटर जड लागायलंय." मग मामा शटरमिस्त्रीला बोलावणं धाडायचे. मिस्त्री येऊन वरच्या पाइपातल्या स्प्रिंगला पीळ वाढवून जायचा आणि शटर पुन्हा हलकं व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी मामांनी शटरला मोटर बसवली. बटण दाबलं की वर, दाबलं की खाली. तेव्हापासून शटर जड झाल्याची तक्रार कुणी केली नाही. या उन्हाळ्यात मोटर फारच तापते म्हणून मिस्त्रीने वरचा डबा उघडला, तर आतली एक स्प्रिंग तुटून पडलेली होती. कधी तुटली ते कुणालाच सांगता येईना. उरलेल्या स्प्रिंगा आणि मोटर मिळून ते ओझं रोज ओढत होत्या, आणि त्याच शटरखालून दिवसभर माणसं ये-जा करत होती.

आयटीआयमध्ये पोरांना यंत्रं शिकवताना मी हे उदाहरण आता आवर्जून सांगतो. दार आजारी पडलं की आधी हाताला कळायचं. मोटर आली आणि हाताचं ते काम गेलं, पण मोटरने ते स्वतःकडे घेतलं नाही.

मुळात शटर उचलतं कोण, इथून सुरुवात करू. मामांच्या शटरसारखं शटर पत्र्याच्या जाडीप्रमाणे ८० ते १०० किलोचं भरतं. एवढं वजन रोज एकट्या माणसाने सहज उचलावं, हे ताकदीचं काम नाही. रेल्वेच्या जुन्या फाटकाचा लांबलचक दांडा गेटमन एका हाताने वर करायचा, कारण दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वजन अडकवलेलं असायचं. शटरमध्ये त्या वजनाचं काम पाइपातली पिळलेली स्प्रिंग करते. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळ्या पट्ट्या लोंबकळत असतात, म्हणजे ओझं सगळ्यात जास्त, आणि नेमका त्याच वेळी स्प्रिंगला पीळही सगळ्यात जास्त असतो. शटर वर गुंडाळत जातं तसं लोंबकळणारं वजन कमी होतं आणि स्प्रिंगचा पीळही सुटत जातो. ओझं आणि जोर एकमेकांच्या पावलावर पाऊल टाकत उतरतात. हे मला आजही फार देखणं वाटतं. हाताला किंवा मोटरला उरतं ते फक्त घर्षण आणि थोडासा फरक.

म्हणूनच स्प्रिंग ठीक आहे की नाही, हे बघायला कुठलंही उपकरण लागत नाही. शटर पूर्ण खाली आणा, मेन स्विच बंद करा, मोटर सोडवायची, म्हणजे शटरपासून वेगळी करायची, दोरी किंवा तार ओढा आणि शटर हाताने कमरेपर्यंत उचला. हात हळूहळू सैल करा. शटर जिथल्या तिथे राहिलं, किंवा बोटभर सरकून थांबलं, तर तोल बरोबर आहे. धाडकन खाली जाऊ लागलं तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. आपोआप वर पळालं तर पीळ जास्त झाला आहे. बंगल्यांच्या पार्किंगला हल्ली येणारी, छताखाली आडवी सरकणारी गॅरेजची दारंही अशीच तपासतात. दार उघडं असताना मात्र मोटर कधीही सोडवू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर ते दार धरून ठेवणारी मोटर हीच शेवटची गोष्ट असते. ती सुटली की सगळं वजन खाली येतं.

तोल बिघडलेला दिसला की तिथेच थांबायचं आणि मिस्त्रीला बोलवायचं. पाना घेऊन स्वतः वर चढू नये, आणि याचं कारण गणितात आहे. ९० किलोचं, आठ फुटी शटर गुंडाळलं जाताना त्याचं वजन सरासरी चार फूट वर जातं. तेवढी ऊर्जा, हजार जूलच्या आसपास, बंद शटरच्या स्प्रिंगमध्ये साठलेली असते. सिमेंटचं ५० किलोचं पोतं सात फुटांवरून पडलं तर जेवढा दणका बसेल, तेवढी. बोल्ट सैल होताच ती क्षणात बाहेर येते. हे काम रोज करणारे मिस्त्री स्प्रिंग आधी बांधून घेतात आणि मगच हात लावतात.

स्प्रिंग तुटते ती म्हातारी होऊन. प्रत्येक उघडझापीला धातू थोडा पिळतो आणि सुटतो. गॅरेजच्या दारांच्या साध्या स्प्रिंगा साधारण १०,००० वेळा उघडझाप होईल अशा हिशेबाने बनवतात. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षांच्या आतच त्यांचं आयुष्य संपतं. त्यात पावसाळ्यात गंज चढला की त्या बारीक खड्ड्यांतूनच तडा सुरू होतो. वर्षातून दोनदा हलक्या तेलाचा हात फिरवला तर गंज लांब राहतो.

तेल लावायचं ते स्प्रिंगला. बाजूच्या गाइडमध्ये, म्हणजे पट्ट्या ज्यातून सरकतात त्या उभ्या खाचांमध्ये, ग्रीस भरू नये. आपल्याकडे चैत्र-वैशाखात जी धूळ उडते ती ग्रीसमध्ये बसते आणि त्याचा पॉलिश पेपर होतो. गाइड कोरड्या फडक्याने पुसाव्यात, फार तर सिलिकॉनचा फवारा मारावा.

आता मोटरकडे येतो, कारण खरा धोका इथे हळूच घरात शिरतो. चांगल्या मोटरला आपल्यावर किती ताण येतोय हे तिच्या करंटवरून किंवा फिरण्याच्या वेगावरून कळतं. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा ताण वाढला की वाटेत काहीतरी आडवं आलंय असं समजून ती थांबते, उलटी फिरते. ही मर्यादा मोटर चालवणाऱ्या बोर्डावरच्या फोर्सच्या, म्हणजे जोराच्या, सेटिंगने ठरते. समजा स्प्रिंग थकली, गाइडमध्ये धूळ साचली आणि दार अधूनमधून अडकू लागलं. घरचे वैतागतात, मिस्त्री येतो आणि फोर्स वाढवून देतो. दार पुन्हा झकास चालायला लागतं, सगळे खूश. पण आता त्या मोटरला धुळीचा अडथळा आणि लेकराचा हात यांतला फरक कळणं बंद झालेलं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: फोर्स वाढवण्याआधी दार का अडतंय ते शोधायला सांगा.

युरोपातल्या नियमात हा जोर मोजून दिलेला आहे. दार मिटताना ५० ते ५०० मिलिमीटरच्या फटीत काही सापडलं, तर त्यावर ४०० न्यूटनपेक्षा जास्त जोर पडता कामा नये, म्हणजे साधारण ४० किलोचा भार. तोही पाऊण सेकंदाच्या आत १५० न्यूटनच्या खाली उतरला पाहिजे. अमेरिकेने हा धडा लेकरं गमावून घेतला. मोटरच्या गॅरेज दारांखाली मुलं सापडून दगावू लागली तेव्हा तिथल्या संसदेने १९९० मध्ये कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती दारांच्या मोटरला, आडवं काही आल्यास उलटं फिरणं आणि त्याशिवाय किरणांचा डोळा किंवा दाराच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी, असं दुहेरी संरक्षण सक्तीचं झालं. तो डोळा जमिनीपासून सहा इंचांपेक्षा उंच नसावा असंही ठरलं, कारण जमिनीवर पडलेलं किंवा रांगणारं मूल त्याच्या खालून सुटता कामा नये. आपल्याकडे मी मांडीएवढ्या उंचीवर बसवलेले सेन्सर पाहिले आहेत. ते गाडी वाचवतात, लेकरू नाही.

अमेरिकेतली घरगुती परीक्षा आपणही करू शकतो. गॅरेजच्या दाराखाली मधोमध दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवायची. सेंट्रिंगची फळी चालते. दार बंद होऊ द्यायचं. फळीला टेकताच दोन सेकंदांच्या आत दार वर फिरलं पाहिजे. फळी दाबून बसलं तर त्या दिवसापासून मोटर बंद ठेवावी. मात्र दुकानाच्या गुंडाळणाऱ्या शटरवर हा प्रयोग करू नका. आपल्याकडच्या पुष्कळ शटर मोटरना अडथळा कळतच नाही. त्या पट्ट्या खाली सोडत राहतात, आणि पट्ट्या गाइडमधून निसटतात. अशा शटरला दाबून धरायचं बटण असावं: बोट उचललं की शटर जागीच थांबेल, आणि बटण अशा जागी हवं की तिथून शटर पूर्ण दिसेल. रिमोटवर खाली येणारं शटर हवंच असेल तर खालच्या पट्टीला सेफ्टी एज, म्हणजे स्पर्श ओळखणारी रबरी पट्टी, आणि किरणांचा सेन्सर लावून घ्या. बाजूला बसणाऱ्या चेनच्या मोटरना तर बहुधा स्प्रिंगची साथही नसते. सगळं वजन चेन आणि ब्रेकवर तोललेलं असतं. तिथे चेन तुटली तर शटर पकडणारा वेगळा सेफ्टी ब्रेक आहे का, हे विचारायला लाजू नका.

सेन्सरची एक गोष्ट लातूरला धाकट्या भावाच्या घरी कळली. त्याच्या सरकत्या गेटला मोटर आहे, दोन्ही खांबांवर काळे डोळे आहेत. गेट बंद होत असताना मी मध्ये खराटा धरला, तर गेट आलं ते खराट्याला ढकलत आलं. बोर्डाचं झाकण उघडलं. सेन्सरच्या दोन टोकांना तारेच्या एका तुकड्याने जोडून टाकलं होतं. भावजय म्हणाली, "भाऊजी, संध्याकाळी गेट बंदच होत नव्हतं, म्हणून त्या मिस्त्रीने तसं करून दिलं."

ही तार काय करते ते समजून घेण्यासारखं आहे. एका डोळ्यातून डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, समोरचा डोळा ते टिपतो. किरण पोचत असेपर्यंत सर्किट जोडलेलं राहतं आणि बोर्ड बंद करायची परवानगी देतो. मध्ये माणूस आला, वायर तुटली किंवा सेन्सर जळाला, काहीही झालं तरी सर्किट तुटतं आणि गेट बंद व्हायला नकार देतं. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच व्हावा, अशी ही शहाणी रचना आहे. तारेचा तुकडा बोर्डाला कायमचं सांगतो की वाट मोकळी आहे. म्हणून मोटरच्या गेटवाल्या प्रत्येक घरात मी आधी हीच तपासणी करतो. गेट उघडं असताना सेन्सरवर हात झाकून बंद करायला रिमोट दाबायचा. गेट हललं तर कुणीतरी तार जोडलेली आहे.

आणि संध्याकाळीच का बिघडत होतं? गेटची दिशा अशी की मावळतीचा सूर्य थेट टिपणाऱ्या डोळ्यात शिरायचा. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, त्याने सेन्सर दिपून जातो. दोन्ही डोळ्यांची जागा अदलाबदल केली, टिपणारा डोळा सूर्याकडे पाठ करून बसवला, तार काढली. विषय मिटला. इतर घरी कुंभारमाशीने सेन्सरच्या भोकात मातीचं घर केलेलं सापडतं, कधी नुसती धूळ असते.

मराठवाड्यातला मोठा गुन्हेगार मात्र पायाखाली आहे. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झाली आहे. तिच्या चिकणमातीच्या कणांमध्ये पापुद्रे असतात. पाणी त्यांच्यात शिरलं की माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला मूठ जाईल अशा भेगा पडतात. उथळ पायावरचा गेटचा खांब तिच्याबरोबर दर वर्षी थोडा हलतो. खांब बोटभर कलला तरी समोरासमोरचे डोळे चुकतात. ते एक वेळ परवडलं, कारण तेव्हा गेट फक्त बंद व्हायला नकार देतं. पण त्याच खांबावर सरकतं गेट उभं धरणारे वरचे रोलर असतात. फट वाढली की दोन-तीनशे किलोचं गेट रुळावरून आडवं होऊ शकतं. त्यामुळे पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळा संपल्यावर वरचे रोलर गेटला धरून आहेत ना, आणि रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर आहेत ना, हे हाताने हलवून बघा. खाली मोटरचं दातेरी चाक आणि गेटची दातेरी पट्टी यांच्यात एक-दोन मिलिमीटर जागा हवी. खांब किंवा रूळ खचला की गेटचं वजन त्या चाकावर येतं.

वीज जाण्याची तयारी तर आपल्याला हवीच. शटर गुडघ्यापर्यंत आलं असताना लाइट गेली की माणसं खालून वाकून जातात, लेकरं तर हमखास. लाइट आल्यावर शटर आपोआप चालू लागता कामा नये. शटर अर्ध्यात असताना मेन स्विच बंद करून परत चालू करा आणि बघा. मोटर हाताने सोडवायची किल्ली कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, फक्त घरधन्याला नव्हे. लोखंडी शटर आणि २३० व्होल्टची मोटर म्हटल्यावर नीट अर्थिंग आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच, आलंच. बटण पाच फुटांच्या वर असावं आणि रिमोट लेकरांच्या हाती देऊ नये.

मामांच्या शटरला नव्या स्प्रिंगा बसल्या, दाबून धरायचं बटण बसलं. काका आता पोती उचलत नाहीत, सकाळी नुसते दुकानात येऊन बसतात. मामांनी त्यांना एक काम दिलं आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मेन स्विच बंद करून मोटर सोडवायची आणि शटर त्यांनी उचलायचं. गेल्या महिन्यात मी तिथे होतो. काकांनी शटर कमरेपर्यंत आणलं, हात काढले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उजवीकडून घासायलंय जरा." बघितलं तर उजव्या गाइडमध्ये एक पट्टी वाकलेली होती.