कॅचर (बेसबॉल)

बेसबॉलमध्ये होम प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या) मागे उकिडवा बसून पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेला चेंडू घेणारा खेळाडू म्हणजे कॅचर. क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांची तोंडे होम प्लेटकडे असतात. एकटा कॅचर मैदानाकडे तोंड करून बसतो, त्यामुळे सगळा खेळ त्याला समोर दिसतो. क्रिकेट पाहणाऱ्यांना तो यष्टिरक्षकासारखा वाटेल, पण हे साम्य वरवरचे आहे. गोलंदाजाने पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे यष्टिरक्षक ठरवत नाही. कॅचरचे काम मात्र तिथूनच सुरू होते.

फलंदाज कोण, मागच्या खेपेला तो कशावर चुकला, बेसवर (धाव पुरी करताना ओळीने गाठायच्या टप्प्यांवर) कोण उभा आहे, हे सगळे मनात ठेवून कॅचर चेंडू सुचवतो. पूर्वापार ही खूण मांड्यांच्या आडोशाला बोटांनी केली जाई: एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन म्हणजे वळणारा. 2022 पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) ‘पिचकॉम’ हे यंत्र आले. कॅचरने मनगटावरचे बटण दाबले की पिचरला टोपीत आवाज ऐकू येतो. खुणा चोरीला जाण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली, पण सुचवायचे काय हा प्रश्न कॅचरच्याच डोक्यात राहिला. पिचरचा हुकमी चेंडू एखाद्या दिवशी वळतच नाही. चांगल्या कॅचरला ते पहिल्या काही चेंडूंतच कळते आणि तो बेत बदलतो. 8 ऑक्टोबर 1956 रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या डॉन लार्सनने ओळीने 27 फलंदाज बाद केले, एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. त्या दिवशी प्लेटमागे योगी बेरा होता.

कॅचरची खरी पारख मात्र जमिनीवर आपटणाऱ्या चेंडूवर होते. याला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या जागेचा प्राण तोच आहे. चेंडू खाली येतोय असे दिसताच कॅचर दोन्ही गुडघे टेकतो, मिट (कॅचरचा जाड हातमोजा) मांड्यांमधल्या फटीत टेकवतो, उघडा हात मिटमागे लपवतो, हनुवटी छातीला लावतो आणि खांदे पुढे घेतो. छाती ताठ ठेवली तर चेंडू उसळून लांब जातो. म्हणून श्वास सोडून अंग सैल करायचे आणि चेंडू अंगावर झेलून पुढ्यातच पाडायचा. इथे चेंडू पकडायला जाणे हीच चूक ठरते. माणूस सहजपणे मान फिरवतो, डोळे मिटतो. ती सवय मोडायला वर्षे जातात. तिसऱ्या बेसवर धावक असताना पिचर खोल वळणारा चेंडू टाकायला धजतो, तो मागचा माणूस चेंडू जाऊ देणार नाही या भरवशावर. हा भरवसा नसेल तर त्याच्याकडचा सर्वांत चांगला चेंडू हातातच राहतो.

एक चेंडू निसटला तर काय होते याचा दाखला 5 ऑक्टोबर 1941 च्या सामन्यात आहे. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर चालू होता. ब्रुकलिनचा डॉजर्स संघ 4-3 असा पुढे होता. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात यांकीजचे तीनपैकी दोन बाद झाले होते आणि बेस रिकामे होते. टॉमी हेन्रिकने बॅट फिरवली, चेंडू हुकला. तिसरा स्ट्राइक (फलंदाजाचा हुकलेला किंवा पंचाने योग्य ठरवलेला चेंडू; असे तीन झाले की तो बाद), म्हणजे सामना संपल्यातच जमा. पण चेंडू कॅचर मिकी ओवेनला चुकवून मागे गेला. अशा वेळी, पहिला बेस रिकामा असला किंवा दोन बाद झालेले असले, तर फलंदाजाला धावण्याची मुभा असते. हेन्रिक पहिल्या बेसवर पोहोचला, यांकीजने चार धावा केल्या आणि सामना 7-4 असा जिंकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालिकाही जिंकली. ओवेन उत्तम कॅचर होता, तरी त्याचे नाव निघते ते या एका चेंडूवरून. हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘फ्रेमिंग’ हे त्याहून नाजूक कसब. 17 इंच रुंदीच्या प्लेटच्या कडेला आलेला चेंडू मिट न डगमगता घेतला तर पंच स्ट्राइक देण्याची शक्यता वाढते. 2026 च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये फलंदाज, पिचर आणि कॅचर यांना पंचाच्या निर्णयाला यंत्राच्या आधारे आव्हान देता येते. आव्हाने मोजकीच असल्याने कॅचरची नजर आता आणखी एका कामी येते.

धावक दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका न बसताच पळून गाठायला, निघाला की चेंडू मिटमध्ये आल्यापासून सुमारे 127 फुटांवरच्या बेसवर पोहोचेपर्यंत दोन सेकंद, फार तर थोडे अधिक, एवढाच अवधी असतो. याला ‘पॉप टाइम’ म्हणतात. नुसत्या दांडग्या हाताने तो कमी होत नाही. पाय किती चटकन वळतात आणि चेंडू मिटमधून बोटांत कसा येतो यावर बरेच अवलंबून असते. पोर्तो रिकोच्या इव्हान रॉड्रिगेझच्या धाकाने धावक बेस सोडायला कचरत. त्याने कॅचर म्हणून 2,427 सामने खेळले. हा मेजर लीगचा विक्रम आहे.

हे काम अंगाला, त्यातही गुडघ्यांना, फार महागात पडते. मास्क 1870 च्या दशकात हार्वर्डमध्ये आला, नडगीची कवचे 1907 मध्ये रॉजर ब्रेस्नहानने रूढ केली. तरी मे 2011 मध्ये होम प्लेटवर धावकाची धडक बसून कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला. तो 2012 मध्ये परतला आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा धडकांना आळा घालणारा नियम 2014 मध्ये झाला.

एवढे करून कॅचरने फलंदाजीही करायची असते. सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलीने 2025 मध्ये 60 होम रन (सहसा चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले. त्याआधी कोणत्याही कॅचरला एका हंगामात पन्नाशी गाठता आली नव्हती. जपानच्या कात्सुया नोमुराचे कारकिर्दीतले होम रन 657 आहेत. 1970 ते 1977 या काळात तो नानकाई हॉक्सचा खेळाडू-व्यवस्थापक होता: संघ निवडायचा, मग मास्क चढवून प्लेटमागे बसायचा आणि तिथून पिचरला खूण करायचा.