लीन म्हणजे रिकामं गोदाम नव्हे

लीन ही उत्पादनातली वाया जाणारी प्रत्येक गोष्ट कमी करण्याची पद्धत; पण ‘लीन म्हणजे साठा शून्य’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. २०२१मध्ये चिपटंचाईनं वाहन कारखाने थांबले, तेव्हा खापरही लीनवरच फुटलं. पण ही पद्धत घडवणाऱ्या टोयोटाकडे बघा. जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर तिनं पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिप राखून ठेवायला लावल्या, म्हणून सुरुवातीला ती अनेक स्पर्धकांपेक्षा जास्त तगली. (पुढे तिलाही उत्पादन कापावं लागलं, हेही खरं.) लीनचा राग आहे तो विनाकारण पडून राहणाऱ्या मालावर. सीट जवळच्या पुरवठादाराकडून काही तासांत येत असेल, तर ढीग कशाला? चिप यायला महिने लागतात, तिथे साठा हवाच. कानबानची कार्डं (माल वापरला गेला की नवा मागवणारी लीनमधली चिठ्ठी) किती ठेवायची, हेही माल किती लागतो आणि यायला किती वेळ लागतो यावरून ठरतं आणि त्या हिशेबात थोडी राखीव भर धरलेली असते.