टर्मिनलमध्ये प्रॉक्सी दिली, तरी एपीटी अडतं का?

एपीटी म्हणजे डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सवर सॉफ्टवेअर उतरवणारी आज्ञा, आणि प्रॉक्सी म्हणजे आपल्या आणि इंटरनेटच्या मधला सर्व्हर. ‘टर्मिनलमध्ये एचटीटीपी-प्रॉक्सी हे व्हेरिएबल एक्सपोर्ट केलं की एपीटी आपोआप प्रॉक्सीतून जातं’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेच टिकलाय.

एपीटी ते व्हेरिएबल वाचतं, यात शंका नाही. पण आपण एपीटी चालवतो सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी आज्ञा) लावून, आणि सुडो सहसा आपल्या शेलमधली, म्हणजे टर्मिनलमधली, बहुतेक व्हेरिएबल्स गाळून टाकतं. म्हणजे ब्राउझर चालतो, टर्मिनलवरून वेबपत्ते उघडणारं कर्ल चालतं, आणि अपडेट मात्र टाइमआउट होतं. मग सॉफ्टवेअरच्या प्रती पुरवणाऱ्या बिचाऱ्या मिरर सर्व्हरला शिव्या!

सुडोला उणे कॅपिटल ई (व्हेरिएबल्स तशीच ठेवण्याचा पर्याय) जोडून वेळ मारून नेता येते, परवानगी असेल तर. पक्का उपाय म्हणजे ‘ईटीसी’मधल्या ‘एपीटी’च्या ‘एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी’ फोल्डरात छोटी फाइल करून ‘अ‍ॅक्वायर’खालच्या ‘एचटीटीपी’ची ‘प्रॉक्सी’ तिथे लिहिणं. पत्ता अवतरणात, शेवटी अर्धविराम. तो विसरला की एपीटी कुरकुरतं. एपीटीऐवजी फेडोरा लिनक्सचं तेच काम करणारं डीएनएफ वापरत असाल तर डीएनएफ डॉट कॉन्फमध्ये ‘प्रॉक्सी’ची एक ओळ पुरते.

आणखी एक गंमत: एचटीटीपीएससाठीच्या ओळीतही प्रॉक्सीचा पत्ता बहुधा साध्या एचटीटीपीनेच सुरू होतो. ती चूक नव्हे. प्रॉक्सी फक्त बोगदा उघडून देते, कुलूपबंद मजकूर त्यातून जातो.