शनिवारवाड्याचा कोट

पुण्यात मुठेकाठी, कसबा पेठेलगत असलेल्या पेशव्यांच्या वाड्याची तटबंदी. परगावचा पाहुणा वाडा बघायला म्हणून येतो आणि आत शिरल्यावर ‘वाडा कुठाय?’ असं विचारतो. वाडा जळाला; राहिला तो कोट.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. लाकूड जुन्नरच्या रानातलं सागवान, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. तटाचं काम मात्र नानासाहेबांच्या काळापर्यंत चाललं. तट खाली घडीव दगडाचा आणि वर विटांचा आहे. दगडी कोट बांधायचा मान छत्रपतींचा, असा साताऱ्याहून शाहू महाराजांचा आक्षेप आला म्हणून वर विटा चढल्या, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं काहीही असो, तो सांधा आजही नजरेत भरतो.

कोटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा सर्वांत भक्कम. हत्तीने टक्कर देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकले आहेत, आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी एका फळीत दिंडी, म्हणजे छोटं दार आहे. तिच्यातून शिरायचं तर मान वाकवावीच लागते. माथ्यावरचा नगारखाना लाकडी आहे.

१७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढे २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. सागवानी खांब, तुळया, माळे, नक्षी, सगळी राख झाली. वाड्याची जागा इंग्रजांनी तुरुंगासारख्या कामांसाठीही वापरली.

१९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला. त्यानंतर माती उपसून जोती (इमारतींचे चौथरे), चौक आणि कारंजी मोकळी केली गेली. सवाई माधवरावांसाठी बांधलेलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं त्यातच दिसतं. जळालेले महाल मात्र पुन्हा उभारलेले नाहीत, आणि ते बरंच आहे. नव्या लाकडाचा देखावा उभा राहिला असता तर खरी जोती त्याखाली दडली असती. दुरुस्तीचं खरं काम तटावरच असतं. सांध्यात रुजलेले पिंपळ मुळासकट काढावे लागतात. दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरायला सिमेंट घातलं तर ओल आत कोंडते आणि जुनी वीट झडते, म्हणून तिथे चुनाच लागतो.