पाळीव प्राण्यांना विषारी ठरणारे स्वयंपाकघरातील पदार्थ

माणूस रोज खातो ते काही पदार्थ कुत्री, मांजरे आणि पिंजऱ्यातील पक्षी यांच्या शरीरात विषासारखे वागतात, कारण अन्नातील रसायने पचवून बाहेर टाकण्याची क्षमता प्रत्येक प्राण्यात वेगळी असते.

यांत कांदा आणि लसूण सर्वांत फसवे आहेत. त्यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशींमधील हिमोग्लोबिन बिघडते, त्याच्या गुठळ्या पेशीच्या कडेला चिकटतात आणि पेशी फुटू लागतात. मांजराचे हिमोग्लोबिन या माऱ्यापुढे विशेष दुबळे असते; वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदाही त्याला घातक ठरू शकतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला जेमतेम २० ग्रॅम. शिजवल्याने वा वाळवल्याने हा दोष जात नाही. उलट कांदा-लसणाच्या भुकटीत तो अधिक एकवटलेला असतो, आणि रस्सा चाटलेल्या भांड्याकडे तर कोणी संशयाने पाहतही नाही. हिरड्या फिकट पडणे, धाप लागणे, लघवी तांबूस-तपकिरी होणे ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात, तोवर त्या जेवणाची आठवण राहिलेली नसते.

चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हे उत्तेजक द्रव्य कुत्र्याच्या रक्तात निम्मे व्हायलाच सुमारे १७ तास लागतात. चॉकलेट जितके गडद व कडू, तितका धोका मोठा. उलट्या, अस्वस्थता, छातीची धडधड आणि पुढे झटके असा क्रम दिसतो. साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडते आणि रक्तशर्करा कधीकधी अर्ध्या तासातच कोसळते. द्राक्षे व बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. सगळ्यांना सारखा त्रास होत नसल्याने सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. यामागे द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज २०२१ पासून मांडला जातो. अ‍ॅव्होकॅडो मुख्यतः पक्ष्यांच्या हृदयाला बाधतो, तर यीस्ट घालून मळलेले कच्चे पीठ पोटात फुगत राहते आणि त्यातून मद्यार्कही तयार होतो.

मसाल्यांपैकी जायफळ जास्त प्रमाणात वाईट. पुदिना किंवा ओरेगॅनोची एखाददुसरी पाने सहसा पोट बिघडवण्यापलीकडे जात नाहीत, पण त्यांची अर्क-तेले मांजरापासून दूरच ठेवावीत. कोथिंबीर निर्धोक मानली जाते.

विषबाधेची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, पदार्थाचे वेष्टन, खाल्लेला अंदाजे भाग, वेळ आणि प्राण्याचे वजन पशुवैद्याला कळवावे. उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची जुनी युक्ती मात्र टाळावी, कारण जास्त मीठ हे स्वतःच कुत्र्या-मांजरांना विषारी आहे.